गुडघा किती वेळ दुखला पाहिजे?

प्रश्न विचारणारा मुलगा मराठी आहे आणि पंजाबात प्रो रेसलिंग, म्हणजे निकाल आधी ठरवून प्रेक्षकांसमोर सादर केली जाणारी कुस्ती, शिकतो. त्याची अडचण अशी: सामन्यात प्रतिस्पर्धी त्याच्या गुडघ्यावर हल्ला करतो, हा बराच वेळ लंगडतो, पण शेवटी त्याला वरच्या दोरावरून आपली ठरलेली उडी मारायची असते. उडी मारली की गर्दीतून कोणीतरी ओरडतं, "पाय बरा झाला काय रे?" आणि लंगडतच राहिला तर सामना रेंगाळतो, लोक मोबाइल काढून बसतात. तर दुखापत नेमकी किती वेळ सेल करायची, म्हणजे लागलंय हे लोकांना पटवत राहायचं?

मी इंग्लंडमध्ये छोट्या हॉलांमध्ये कुस्त्या करते आणि नव्या मुलामुलींना शिकवते. हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये निघतो, आणि नेहमी असाच, मिनिटांच्या हिशेबात निघतो. पण तुमचं मिनिटांपाशी अडलेलं नाही असं मला वाटतं. तुमच्या सामन्यात गुडघा दुखावतो आणि त्यामुळे पुढे काहीच बदलत नाही, खरी अडचण तिथे आहे. लंगडण्याआधी जे करायचं ठरवलं होतंत तेच लंगडून झाल्यावर केलंत. मग समोरच्या माणसाने मधली पाच मिनिटं कशासाठी पाहिली? तो ओरडतो तेव्हा तुमच्या अभिनयाला नावं ठेवत नसतो. तुम्ही त्याला एका गोष्टीची काळजी करायला लावली आणि मग ती गोष्ट सोडून दिली, म्हणून तो चिडलेला असतो. त्याने काळजी केली होती, हे मात्र विसरू नका. म्हणजे पहिलं अर्धं काम तुम्हाला जमतंय.

आता, कशाकशावर अवलंबून आहे ते आधी सांगते. सामना किती मिनिटांचा, कार्डावर, म्हणजे त्या शोच्या सामन्यांच्या यादीत, तो कितवा, हॉल आहे की कॅमेरा, तुम्ही बेबीफेस (लोकांचा लाडका नायक) आहात की हील (खलनायक), या सगळ्याने उत्तर बदलतं. दीडदोनशे लोकांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेला तुमचा चेहरा नीट दिसत नाही, खांदे आणि चाल दिसते. कॅमेऱ्यासमोर डोळे पुरतात. शनिवारी दुपारचा लहान मुलांचा शो असेल तर दुखापत ठळक, साधी आणि थोडक्यात हवी. हील असाल तर तुमचं दुखणं लोकांना हवंच असतं. अमेरिकेतला गाजलेला हील रिक फ्लेअर गुडघ्यावर बसून, हात जोडून, मागे सरकत गयावया करायचा तेव्हा लोकांना त्याची दया येत नव्हती, आनंद होत होता. त्याचं तंत्र वेगळं आहे, त्यात शिरत नाही. तुमच्या वर्णनावरून तुम्ही बेबीफेस आहात, कार्डावर सुरुवातीला आहात आणि तुमच्याकडे आठ-दहा मिनिटं आहेत, असं धरून लिहिते.

सामना ठरवताना मी मुलांना आधी एवढंच विचारते: हा अवयव गेला तर तुझ्याकडचं काय जातं? उत्तर मिळालं नाही तर त्या अवयवाला हात लावायचा नाही, दुसरा निवडायचा. काझुचिका ओकादा न्यू जपान या जपानी रेसलिंग कंपनीत होता तेव्हाचं उदाहरण घ्या. त्याचा शेवटचा डाव रेनमेकर, म्हणजे उजव्या हाताचा क्लोथलाइन, आडवा हात गळ्या-छातीवर हाणायचा. २०१३ साली हिरोशी तानाहाशीने त्याच्या त्या उजव्या हातावरच काम केलं. सामना ओकादानेच जिंकला, पण मधल्या काळात तो हात उचलायला गेला की हॉलचा श्वास अडकायचा. हाताचं दुखणं आणि सामन्याचा शेवट एकाच दोऱ्यात ओवले होते, म्हणून कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तुमचं उलट झालंय. तुमचा शेवट पायावर उभा आहे, प्रतिस्पर्ध्याने पायच निवडलाय, म्हणजे निवड अगदी अचूक आहे. फक्त त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात तिथे तुम्ही नजर वळवता.

मी प्रत्येक बॅचला रेसलमेनिया १० या अमेरिकेतल्या मोठ्या वार्षिक शोमधला ब्रेट आणि ओवेन हार्ट या भावांचा सामना दाखवते. २० मार्च १९९४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. त्याआधी जानेवारीतल्या रॉयल रंबलमध्ये दोघे एका जोडीत लढले होते, ब्रेटचा गुडघा दुखावला, सामना हातचा गेला आणि ओवेनने भावाच्या त्याच पायावर लाथ मारून वैर जाहीर केलं. रेसलमेनियात ओवेन पुन्हा त्या पायावर येतो. गंमत अशी की ओवेन शेवटी जिंकतो तो पायावरच्या डावाने नाही. ब्रेट त्याच्या खांद्यावरून गुंडाळायला जातो, ओवेन खाली बसतो आणि त्यालाच पिन करतो, म्हणजे तीन मोजेपर्यंत त्याचे खांदे मॅटला टेकवून ठेवतो. मग पायाचा उपयोग काय झाला? तो त्याच रात्री शेवटच्या सामन्यात कळतो. ब्रेट विजेतेपदासाठी पाचशे पौंडांवरच्या योकोझुनासमोर येतो तेव्हा तो लंगडत येतो. घंटाही वाजलेली नसते आणि लोकांच्या मनात शंका बसलेली असते. भावाकडून हरलेला, एका पायाचा माणूस या डोंगरासमोर टिकणार कसा? ब्रेट ती शंका सामनाभर जिवंत ठेवतो आणि विजेता होऊन बाहेर पडतो. लंगडणं तेच, पण ते एका संध्याकाळभर वाहून नेल्यामुळे त्याला वजन आलं.

या विषयावर लोक सहसा ब्रेटचाच स्टीव्ह ऑस्टिनबरोबरचा १९९७ चा रेसलमेनिया १३ मधला सामना सुचवतात. सामना अप्रतिम आहे, पण मी नव्या मुलांना तो सुरुवातीला दाखवत नाही. त्यांना रक्त दिसतं आणि बाकी काही दिसत नाही. ऑस्टिन ब्रेटच्या शार्पशूटरमध्ये, म्हणजे पाय मुरगळणाऱ्या पकडीत, शुद्ध हरपेपर्यंत हार मानत नाही, हा त्यातला निर्णय आहे आणि तो रक्त नसतं तरी तेवढाच मोठा राहिला असता. हे ओळखायला डोळा थोडा तयार व्हावा लागतो.

त्याऐवजी ऑल जपान या जपानी कंपनीचा ९ जून १९९५ चा टॅग, म्हणजे जोड्यांचा, सामना शोधा. टोकियोचं निप्पॉन बुदोकान, एका बाजूला मित्सुहारू मिसावा आणि केंता कोबाशी, दुसऱ्या बाजूला तोशिआकी कावादा आणि अकिरा ताउए. चाळीस मिनिटांवर चालतो, घाईत पाहू नका. कोबाशीचा पाय आधीपासून पट्ट्यांनी बांधलेला आहे. मिसावाच्या डोळ्याभोवतीचं हाड त्याच वर्षी कावादाकडून जायबंदी झालेलं आहे. म्हणजे जोडीतल्या दोघांचीही दुखरी जागा प्रेक्षकांना आणि प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक आहे. कोबाशीचा पाय हळूहळू निकामी होत जातो. शेवटाकडे मिसावा खाली पडलेला असताना कोबाशी उभं राहून लढू शकत नाही, तेव्हा तो सरपटत जातो आणि मिसावाच्या अंगावर पडून त्याला आपल्या शरीराने झाकतो. मार स्वतःच्या पाठीवर घेतो. तरी मिसावाला तो वाचवू शकत नाही. कावादा मिसावाला पहिल्यांदाच पिन करतो आणि जोडीचं विजेतेपद जातं.

हा प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी माझा गळा दाटून येतो, आणि दर वेळी मला त्यातली रचना आणखी स्पष्ट दिसते. पाय धड असता तर कोबाशीने धावत जाऊन दोघांना हाणलं असतं आणि तो आणखी एक चांगला टॅग सामना झाला असता. पाय गेला, त्याच्याजवळचे डाव संपले आणि उरलं फक्त शरीर. त्या उरलेल्या शरीराचं तो काय करतो, यावरून तो कोण आहे हे आपल्याला कळतं. दुखापतीने त्याला एका निवडीपाशी आणून उभं केलं. त्याच्या लंगडण्याला म्हणून अर्थ आहे.

आता तुमच्या उडीकडे येऊ. दुखऱ्या पायाने मारलेली उडी म्हणजे उधारी. मारायला हरकत नाही, पण फेडावी लागते, आणि फेडताना लोकांना दिसली पाहिजे. म्हणून उडी ठेवा. चढताना डावा पाय एकदा दोरावरून निसटू द्या, हाताने उचलून वर ठेवा. उडी लागू द्या. पण पडल्यावर तुम्ही लगेच पिन करू शकत नाही, कारण खाली येताना तोच गुडघा मॅटवर आपटलाय. तुम्ही पाय धरून उलट्या बाजूला लोळता. मग आठवण होते, कोपरांवर सरकत त्याच्यापर्यंत जाता, हात टाकता. एक, दोन, आणि तो सुटतो. आता हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे की तो का सुटला. कोणी ओरडलंच तर तुमच्या बाजूने ओरडेल. सामना तिथून कसाही संपवा. हरलात तर पायाने हरवलं, जिंकलात तर पायाची गरज न लागणाऱ्या एखाद्या डावाने जिंका, स्मॉल पॅकेजसारख्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अचानक गुंडाळून पिन करण्यासारख्या. सुरुवातीच्या कार्डावर मला हा शेवट सगळ्यात आवडतो, कारण त्यात हुशारी दिसते आणि मुख्य सामन्यांसाठी मोठे डाव शिल्लक राहतात.

दुसरा मार्ग असा की उडीच मारायची नाही. वर चढायला वेळ लागला म्हणून प्रतिस्पर्धी उठला आणि तुम्ही वरच सापडलात. हे पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या जोडीत उत्तम चालतं, कारण पुढच्या महिन्यात पाय धड असताना तीच उडी लागते तेव्हा हॉल उसळतो. पण एकाच सामन्यापुरते आलेल्या लोकांना तुमची खास उडी न दाखवता घरी पाठवणं मला पटत नाही. त्यांनी तिकीट काढलेलं असतं.

मधल्या कमबॅकचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. बेबीफेस उसळून उठतो त्या अर्ध्या मिनिटात लोक दुखणं विसरायला तयार असतात. भांडणात लागलेलं नंतर ठणकतं, हे प्रत्येकाला स्वतःच्या अंगावरून माहीत असतं. पण त्या अर्ध्या मिनिटातही मी मुलांना एक नियम लावते: पाय दुखावलाय तर तू धावायचं नाहीस, त्याला धावायला लाव. तुम्ही रिंगच्या मध्यभागी चांगल्या पायावर उभे राहा, तो दोरावरून येईल, तुम्ही ठोसा द्या, तो पुन्हा येईल, पुन्हा द्या. वेग त्याच्या पायांतून येतो आणि श्रेय तुम्हाला मिळतं. सामना रेंगाळतो ही तुमची तक्रार बरीचशी इथेच सुटेल. लंगडणाऱ्या माणसामुळे सामना मंद होत नाही. दोघेही थांबून त्याचं लंगडणं पाहत बसतात, तेव्हा होतो.

लंगडण्याबद्दल थोडं. कमी लंगडा. चालताना सगळेच आठवणीने लंगडतात, विसरतात ते इतर वेळी. खाली पडल्यावर उठता तेव्हा आधी कोणता पाय टेकवता? पिनमधून सुटताना कोणत्या पायाने झटका देता? लाथ मारताना दुखऱ्या पायावर वजन घेता का? प्रेक्षक हे मोजत नाही, पण त्याच्या शरीराला ते कळतं. आपल्या सामन्याचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा आणि फक्त कमरेखाली पाहा. पहिल्यांदा पाहाल तेव्हा दुखरा पाय दर मिनिटाला बदलतोय असं वाटेल. यासाठीच आमच्याकडे ठरलेली बाजू असते. इंग्लंड-अमेरिकेत साधारणपणे डाव्या हातापायावर काम होतं, मेक्सिकोच्या लुचा लिब्रेत उजव्या. प्रतिस्पर्धी दुसऱ्या परंपरेत शिकलेला असेल तर कपडे बदलण्याच्या खोलीतच बाजू ठरवून घ्या.

आणि दुखापत एकट्याने सेल होत नाही. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने गुडघ्यावर दोन मिनिटं काम केलं आणि मग तो छातीवर चापट्या मारत सुटला, तर तुम्ही किती का लंगडाना, लोक गुडघा विसरणार. ज्याला त्या गुडघ्यातून फायदा आहे त्यालाच तो आठवत नसेल, तर त्यांनी का आठवावा? चांगला हील अडचणीत आला की पहिला हात दुखऱ्या जागी घालतो. तुम्ही ठोसे मारत त्याला कोपऱ्यात नेलंय, तो हतबल झालाय आणि खालून एकच लाथ गुडघ्यावर बसते. कमबॅक तिथे तुटला पाहिजे. असा एक क्षण तुमच्या सामन्यात आहे का, ते पाहा. नसेल तर प्रतिस्पर्ध्याशी बोला. त्याच्यावर दोष ढकलू नका, एकत्र बसून ठरवा.

हे किती लांब नेता येतं ते साशा बँक्स आणि बेली या रेसलर मुलींच्या २०१५ मधल्या एनएक्सटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या नव्या खेळाडूंच्या शोच्या, दोन सामन्यांत दिसतं. ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला साशा बेलीच्या आधीच दुखावलेल्या, आधारपट्टी बांधलेल्या हातामागे लागते. ऑक्टोबरमधल्या तीस मिनिटांच्या आयर्न मॅन सामन्यात (ठरलेल्या वेळात जो जास्त वेळा हरवेल तो जिंकतो) बेली साशाच्या हातावर हल्ला करते, आणि शेवटचे काही सेकंद उरलेले असताना साशा हाताच्या पकडीत हार मानते. गोड, सगळ्यांना मिठी मारणारी बेली इथवर कशी आली, हे तिला बोलून सांगावं लागत नाही. तरुण मुलींना मी हे दोन सामने मुद्दाम पाठोपाठ दाखवते. महिलांच्या सामन्यांना चार-पाच मिनिटं मिळण्याचा काळ मी पाहिलाय. चार मिनिटांत हाताची गोष्ट सांगता येत नाही.

अति करण्याचा धोकाही सांगते. डब्ल्यूडब्ल्यूईच्या २००५ च्या समरस्लॅम शोमध्ये शॉन मायकल्सने हल्क होगनच्या प्रत्येक फटक्यावर एवढ्या उड्या आणि कोलांट्या मारल्या की सामन्याचा विनोद झाला. मायकल्सपेक्षा चांगलं सेल करणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, म्हणूनच तो सामना शिकण्यासारखा आहे. कौशल्य तेच, पण ते समोरच्याचा फटका मोठा करण्याऐवजी स्वतःकडे लक्ष वेधायला लागलं. उलट टोकाला, अंडरटेकर मार खाऊन ताडकन उठून बसायचा तेव्हा ते चालायचं, कारण न दुखणं हाच त्या पात्राचा स्वभाव होता आणि लोकांनी तो वर्षानुवर्षं पाहिला होता. नव्या माणसाने ते केलं तर त्याला मार नीट लागला नाही एवढंच दिसतं.

महाराष्ट्रातून, विशेषतः तालमीतून, या खेळाकडे वळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आखाड्यात दुखणं लपवायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. कळलं की समोरचा पट तिथूनच काढणार. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की प्रो रेसलिंगमध्ये आल्यावर अशा मुलांना तोंड वाकडं करून ओरडायला सांगितलं तर ते ओशाळतात आणि खोटं दिसतं. त्यांना मी ओरडायला सांगतच नाही. मी म्हणते, तुला लागलंय आणि तू ते लपवतोयस, फक्त नीट लपवू नकोस. पाठ वळवून गुडघा चोळ. समोरच्याने पाहिलं की हात काढून घे. लोकांना हे फार भिडतं आणि त्या मुलाला आपण काही खोटं करतोय असं वाटत नाही. तुमची पार्श्वभूमी तालमीची असेल तर हा मार्ग नक्की करून पाहा.

शेवटी खऱ्या दुखापतीबद्दल, कारण तुम्ही ओघात लिहिलंय की त्या गुडघ्याला मागे खरंच मार लागला होता आणि म्हणून तो "विकायला सोपा" जातो. कृपया असं करू नका. खऱ्या दुखऱ्या गुडघ्यावर खोटं काम करून घेतलं की तुमचं कण्हणं खरं कोणतं, हे प्रतिस्पर्ध्याला कळत नाही, आणि तुमचं शरीर त्याच्या हातात असतं. ३ ऑगस्ट १९९७ ला समरस्लॅममध्ये ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरमध्ये, म्हणजे उलटं धरून खाली आपटण्याच्या डावात, ऑस्टिनचं डोकं मॅटवर आपटलं, मानेला इजा झाली आणि काही वेळ त्याचे हातपाय हलेनात. ओवेन प्रेक्षकांना डिवचत फिरत राहिला, वेळ काढत राहिला. मग ऑस्टिन सरपटत गेला, कसाबसा त्याला गुंडाळलं आणि सामना संपला. ते निभावलं, कारण काहीतरी बिघडलंय हे ओवेनला कळलं होतं. दोघांनाही जगभराचा अनुभव होता, तरी इतकं अवघड गेलं.

म्हणून तुमच्या बाबतीत मी हे करेन. गोष्ट दुसऱ्या गुडघ्यावर किंवा हातावर हलवा. खरी दुखरी जागा प्रतिस्पर्ध्याला आणि पंचाला आधी सांगा. हाताची खूण ठरवा: पकडीत असताना हात एकदा दाबला तर ठीक, दाबलाच नाही तर थांब. पंच डोक्यावर हातांची फुली करतो ती खऱ्या इजेची खूण असते. ती खेळात कधीही वापरू नका, आणि कोणी वापरायला सुचवलं तर नाही म्हणा. पट्टी बांधायची असेल तर डॉक्टर किंवा फिजिओ म्हणेल तशी बांधा, मात्र ती दिसली की लोक त्याच गुडघ्याकडे पाहणार, तेव्हा ती लांब पँटच्या आत जाऊ द्या. आणि पुढच्या सामन्याआधी तो गुडघा एकदा तपासून घ्या. उडी महिनाभर नाही मारलीत तरी चालेल.